शनिवारचे ठोके

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखाली काढलेल्या खोलीत तो दिवसाला तीस-पस्तीस माणसांच्या छातीला वायरी लावायचा. खोली एवढीशी, की पेशंट आडवा झाला की त्याच्याबरोबरच्या माणसाला बाहेर उभं राहावं लागे. सगळं हॉस्पिटल त्याला ईसीजीवाला म्हणायचं. त्याला आईबापांनी ठेवलेलं नावही होतं, पण ते फक्त हजेरीपटाच्या उपयोगी पडायचं.

त्याच्या कामात एक अवघड गोष्ट होती, आणि ती वायरी लावण्याची नव्हती. मशीनमधून गुलाबी चौकटींच्या कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली की तिच्यावरची रेघ त्याला वाचता यायची. सोळा वर्षं हेच केल्यावर कुणालाही येईल. पण वाचलेलं बोलायची मुभा नव्हती, ते डॉक्टरांचं काम. पेशंट उठून बसायचा, शर्टाची बटणं लावता लावता त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, ठीक आहे ना सगळं? त्यावर तो उकडलेल्या बटाट्यासारखा चेहरा करून म्हणायचा, डॉक्टर सांगतील. रेघ झकास असो की माणूस थेट अतिदक्षता विभागात जाणार असो, बटाटा तोच. ही कला वाटते तितकी सोपी नाही. बायको म्हणायची की हा बटाटा तो घरीही घेऊन येतो; भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं तरी डॉक्टरांकडे पाठवेल.

बायकोचे वडील, नाना, त्याच इमारतीत एक मजला वर राहायचे. नाना स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं आहे की नाही, एवढंच त्यांनी जन्मभर पाहिलं. सूतभर इकडेतिकडे झालं की पेटीच्या पेटी परत. कारखान्यात त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे ‘सूतभर’ म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. मुलीनं ईसीजीवाल्याशी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी जावयालाही असंच उलटंपालटं करून तपासलं आणि परत पाठवायचा प्रयत्न केला. मुलीला इंजिनीअर मिळावा अशी त्यांची इच्छा होती, आणि हा तर म्हणे वायरी चिकटवणारा. मुलगी बापाचीच होती. तिनं ऐकलं नाही.

मग चार वर्षं नाना जावयाशी एक अक्षर बोलले नाहीत. भांडण नव्हतं बरं का. येणंजाणं होतं, एका टेबलाशी जेवणं होती. फक्त बोलायचं ते मुलीमार्फत. ‘त्यांना सांग, पंखा जरा कमी करा.’ आणि ‘ते’ हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. ती बिचारी मध्ये बसून टपालखात्याचं काम करायची, आणि कधी चिडली की पत्र पोचवायचीच नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा सगळंच बदललं. नानांचा डबा खालून जायला लागला. शनिवारी संध्याकाळी बायकोचा शिवणाचा वर्ग असायचा, म्हणून शनिवारचा डबा त्याच्याकडे आला. तो जायचा, डबा टेबलावर ठेवायचा, चपला घालून परत यायचा. असं तीन-चार महिने चाललं. एका शनिवारी टेबलावर दोन ग्लास होते आणि व्हिस्कीची बाटली. नाना खिडकीकडे बघत म्हणाले, ‘‘बसा.’’ जावयाला उद्देशून त्यांचा हा पहिला शब्द. त्याला आधी वाटलं, खिडकीत कुणी आहे.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दर शनिवारी सातला तो वर जायचा. नाना ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून ओतायचे. दोन्हींत थेंबाचाही फरक नसे. प्रत्येकी तीन पेग, कमी नाही, जास्त नाही. कारखान्यातल्या गमती, गच्चीवरची गळकी टाकी, मुलीचा स्वभाव आणि तो नेमका कुणाकडून आला याची चौकशी, असं काहीबाही बोलणं चालायचं. दुसऱ्या पेगनंतर नाना सासूबाईंबद्दल बोलायचे. तिसऱ्यानंतर कधीकधी गप्प बसायचे, आणि त्या शांततेत बसणंही त्याला आवडायचं. तो जिना चढत असतानाच वरचं दार किलकिलं झालेलं दिसायचं. आपली वाट बघणारं कुणी आहे हे माणसाला जिन्यातच कळावं, हे सुख त्याला आयुष्यात फार उशिरा मिळालं होतं, आणि त्यामुळे त्याला त्याची फार किंमत होती.

गेल्या वर्षभरात रविवारी सकाळी छातीत काहीतरी व्हायला लागलं. कुणीतरी घाईघाईनं जिना उतरतंय आणि मध्येच पायरी चुकतंय, असं. तास-दोन तास चालायचं, कधी दुपारपर्यंत. जरा चाललं की दम लागायचा. त्यानं आधी गॅसवर खापर फोडलं, मग चहावर, मग उशीवर. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं खोलीचं दार लावून स्वतःलाच वायरी लावून पाहिल्या. रेघ स्वच्छ. पुढच्या सोमवारीही स्वच्छ. त्याच्या जिवात जीव आला. रविवारचं दुखणं सोमवारी शोधायला गेलं की ते सापडत नाही, एवढं साधं त्याच्या लक्षात आलं नाही. इतरांच्या बाबतीत लगेच आलं असतं.

मग एका आठवड्यात दुसरा तंत्रज्ञ रजेवर गेला आणि रविवारची पाळी त्याच्यावर आली. सकाळी नऊच्या सुमारास छातीत घाई सुरू झाली. खोलीत कुणी नव्हतं. तो झोपला, मनगटांना आणि घोट्यांना चाप लावले, छातीवर जेल लावून वायरी बसवल्या आणि बटण दाबलं. पट्टी बाहेर आली. त्यानं बघितली आणि मनाशी म्हणाला, चाप सैल आहे.

चाप घट्ट केला. पट्टी तशीच. छाती स्पिरिटनं पुसून पुन्हा जेल लावलं. तशीच. मग मशीनचा प्लग दुसरीकडे लावला, कपाटातल्या नव्या वायरी काढल्या, कागदाची गुंडाळी बदलली. एवढा बंदोबस्त त्यानं कुठल्याही पेशंटसाठी केला नव्हता. शेवटी शेजारच्या खोलीतल्या सिस्टरला बोलावून म्हणाला, मशीन बिघडलंय, जरा दोन मिनिटं आडव्या व्हा. सिस्टर कुरकुरत आडव्या झाल्या. त्यांची रेघ इतकी नीट आली, की शिकाऊ मुलांना दाखवायला भिंतीवर लावावी. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. सिस्टरनी टेबलावरच्या दुसऱ्या पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं की हा पेशंट कुठे आहे, त्याला असं फिरू कसं दिलंत.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी हजर होत्या. त्यांनी पट्टी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला पलंगावर झोपवून काल काय काय घेतलं ते विचारलं.

‘‘थोडी,’’ तो म्हणाला. ‘‘कधीमधी. आपलं शनिवारचं.’’

म्हणाला आणि त्याला आपलीच लाज वाटली. हे शब्द तो रोज दहा तोंडांतून ऐकायचा.

बाईंनी त्याला समजावलं, इतरांना समजावतात तसंच, एकही शब्द न गाळता. हृदयाला ठोक्याचा हुकूम एका जागेवरून मिळायला हवा. दारूनं वरच्या दोन कप्प्यांची ती शिस्त बिघडते, मग शंभर ठिकाणांहून हुकूम सुटतात आणि कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरतात. काहींना एका दिवसात खूप प्यायल्यावर असं होतं, काहींना थोडक्यानंही. आपोआप थांबतं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर माणूस सकाळी उठतो तो अर्धाच. इंजेक्शन देऊ, सोनोग्राफी करू, गोळ्यांचं नंतर ठरवू. पण दारू आजपासून पूर्ण बंद.

‘‘एक पेगही नाही?’’ त्यानं विचारलं.

‘‘तुमच्या जागी तुमचा एखादा पेशंट असता, तर त्याला काय सांगितलं असतंत?’’

‘‘डॉक्टर सांगतील.’’

बाई हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘सांगितलं की. एकही नाही.’’

दुपारी तीनच्या सुमारास ठोके ताळ्यावर आले. बायको धावतपळत आली होती. तिनं सगळं ऐकलं, त्याला रागावली, मग त्याचा हात धरून बसली. घरी जाताना म्हणाली, नानांना मी सांगते. तो घाईनं नको म्हणाला. आपणच सांगू, सवडीनं.

त्याला धास्ती होती ती दारू सुटणार याची नव्हे. दारूशिवाय त्याचं काही अडत नव्हतं. पण नाना ‘अस्सं’ म्हणतील, बाटली कपाटात ठेवतील, आणि मग वर जायचं ते कशाला? नऊ वर्षं जे काही उभं राहिलं होतं ते त्या दोन ग्लासांवर, असं त्याला वाटत होतं. ग्लास काढून घेतला की पुन्हा डबा, टेबल आणि चपला. ‘त्यांना सांग, पंखा कमी करा.’ त्याला तो काळ पुन्हा नको होता. चाळीस वर्षांच्या बाप्याला अशी भीती वाटावी हे हास्यास्पद आहे खरं, पण वाटत होती.

म्हणून त्यानं ते केलं जे तपासनिसाच्या घरात कुणीच करू नये. पुढच्या शनिवारी नाना बर्फ आणायला आत गेले, की त्यानं ग्लास कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये रिकामा केला, तळाला पाणी घेतलं आणि तोंड वाकडं करत घोट घेतल्यासारखं केलं. तीन वेळा बर्फ, तीन वेळा बेसिन. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. रविवारी छाती शांत असायची. त्याला वाटलं, जमलं.

चौथ्या शनिवारी बायको सकाळी वरून आली ती गंभीर चेहऱ्यानं.

‘‘नाना म्हणाले, त्यांना सांग, आज येऊ नका. मला जरा काम आहे.’’

नानांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. कसलं काम आणि कसलं काय. टपालखातं पुन्हा सुरू झालं होतं, आणि ते आपणच सुरू केलं हे त्याला तत्क्षणी कळलं. बायकोनं विचारल्यावर त्यानं बेसिनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही दोघं एकाच साच्यातून निघालेले आहात आणि मध्ये मी फुकट भरडले जातेय. आजचा डबा सातलाच जाईल, आणि तो तूच नेशील.

सातला तो जिना चढला. दार लावलेलं होतं. त्यानं बेल वाजवली आणि वाट बघत उभा राहिला. नानांनी दार उघडलं, डबा घेतला आणि दारातच उभे राहिले.

‘‘बेसिनला वास येतो,’’ नाना म्हणाले. ‘‘तीन आठवडे येतोय. माझ्याबरोबर बसायचा कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं. म्हातारा आहे, मूर्ख नाही.’’

हे त्यांनी न चिडता म्हटलं, आणि म्हणूनच ते त्याला फार लागलं. नाना दुखावले होते. त्यांना चिडलेलं त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं, दुखावलेलं फक्त सासूबाई गेल्या तेव्हा. त्यानं खिशातून घडी केलेली पट्टी काढली आणि त्यांच्या पुढे धरली. नानांनी हे काय म्हणून विचारलं. माझं हृदय, तो म्हणाला, त्या रविवारचं.

नाना बाजूला झाले. पट्टी टेबलावर पसरली, दिवा ओढला, चष्मा लावला. जावई सांगू लागला. रेघ जिथे टोकदार उंच जाते तो एक ठोका, मग दुसरा, मग तिसरा. सोळा वर्षांत हॉस्पिटलबाहेरच्या माणसाला पट्टी समजावून सांगायची ही त्याची पहिलीच वेळ, त्यामुळे बोलताना तो अडखळत होता. नानांनी मध्येच हात वर करून त्याला थांबवलं, टेबलाचा खण उघडला आणि आतून स्टीलचा कॅलिपर काढला, कारखान्याचा, कडा झिजलेला. त्याच्या टोकांमध्ये त्यांनी दोन ठोक्यांमधलं अंतर धरलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

‘‘अकरा,’’ ते म्हणाले. ‘‘साडेसोळा. नऊ. चौदा. दहा.’’

पट्टी संपेपर्यंत त्यांनी मोजलं. दोन आकडे सारखे आले नाहीत. मग त्यांनी कॅलिपर खाली ठेवला.

‘‘हे कशानं होतं?’’

या प्रश्नाला ‘डॉक्टर सांगतील’ म्हणून सुटता आलं असतं. त्याच्या जिभेवर ते आलंही होतं.

‘‘दारूनं,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या शनिवारच्या. सगळ्यांना होत नाही. मला होतं. एक पेगही चालणार नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई.’’

नाना खुर्चीत मागे रेलले.

‘‘म्हणजे नऊ वर्षं मी ओतत होतो.’’

‘‘पीत मी होतो, नाना.’’

‘‘मोजून ओतत होतो. थेंबाचा फरक होऊ देत नव्हतो.’’ ते म्हणाले. ‘‘का नाही सांगितलंत?’’

त्यानं खरं ते सांगितलं. ग्लास नसेल तर वर यायला कारण उरणार नाही, असं वाटलं म्हणून. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

‘‘मला दारू आवडत नाही फारशी,’’ ते म्हणाले. ‘‘रविवार ते शुक्रवार बाटली कपाटात असते, विचारा तुमच्या बायकोला. तुमच्या सासूबाई गेल्यावर घरात आवाज नव्हता. तुम्ही डबा ठेवून निघून जायचात. चार वर्षं बोललो नव्हतो, आता कुठल्या तोंडानं म्हणणार बसा म्हणून? म्हणून बाटली आणली. दुकानदारालाच विचारून आणली, मला त्यातलं काही कळत नव्हतं.’’

जावई हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. नाना उठले, कपाटातली बाटली काढली आणि सगळी बेसिनमध्ये ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती उलटी धरून उभे राहिले. मग येऊन बसले. टेबलावर आता काहीच नव्हतं, आणि हातांचं काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. नाना टाकीबद्दल काहीतरी म्हणाले. जावयानं हो म्हटलं. त्याला वाटलं, हे असंच होणार, दर शनिवारी, आणि मग हळूहळू बंद पडणार.

‘‘मशीनशिवाय कळतं का हे?’’ नानांनी एकदम विचारलं.

नाडीवर थोडंफार कळतं, तो म्हणाला. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. ठोके एका अंतरानं येतात की नाही ते बोटांना समजतं.

‘‘आणा इकडे हात.’’

त्यानं हात पुढे केला. नानांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि त्यानं दाखवलं तिथे दोन बोटं ठेवली. चौतीस वर्षं लोखंड चाचपून त्या बोटांना घट्टे पडले होते. त्यांना काही लागेना. नानांनी मनगट उलटंसुलटं केलं, दाबलं, जरा वर सरकवलं. शेवटी वैतागून त्यांनी बोटं काढली, मनगट मुठीत धरलं आणि अंगठा दाबला.

‘‘लागली,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

अंगठ्यानं नाडी बघायची नसते. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, ती जोरात उडते, आणि नवशिका माणूस दुसऱ्याचं मनगट धरून आपलेच ठोके मोजत बसतो. शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो हे पहिल्या दिवशी सांगायचा.

नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं मोजत होते. एकेचाळीस, बेचाळीस. पूर्ण मिनिट झालं तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

‘‘सगळे सारखे आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘एकही मागेपुढे नाही.’’

‘‘हो ना,’’ तो म्हणाला.

‘‘पुन्हा एकदा बघतो. एका मोजणीवर माल सोडत नाही मी.’’

‘‘बघा की.’’

नानांनी पकड घट्ट केली आणि पहिल्यापासून मोजायला लागले. त्या म्हाताऱ्या अंगठ्याचे ठोके त्याला आपल्या मनगटावर स्पष्ट लागत होते, संथ आणि एकसारखे. दुरुस्ती पुढच्या शनिवारी करता आली असती. त्यानं हात तसाच राहू दिला.